दाराची आतली बाजू

प्रणितानं दार आणलं बगलेत मारून,
पत्रावळ्यांचा गठ्ठा आणावा तसं.
काळं, विणलेलं. उन्हात तिरकं धरलं
की चटईची वीण हलते,
हात लावावा तर काच.
"उचला की मामा."
मी कंबर सांभाळत दोन्ही हातांनी जोर लावला
आणि मागच्या मागं पडता पडता राहिलो.
वजनच नव्हतं हो त्याला.

अंबड चौफुलीवर माझं पत्र्याचं काम, एकतीस वर्षं.
आतून डॉली, बाहेरून हातोडा, मध्ये पत्रा.
त्याला म्हणायचं, ये बाबा घरी.
आणि तो येतो. लोखंडाला घर आठवतं.
नाहीच आला तर भंगारात, तिथून भट्टीत,
रात्री एमआयडीसीवरचं आभाळ तांबडं,
चार महिन्यांनी कुणाच्या तरी स्लॅबात सळई.

"हे वाकत नाही, मामा. तुटतं.
तुटता तुटता धडक खातं, तेच त्याचं काम.
पण बाजूनं बसली तर खायला जागा कुठंय?
पुढं हातभर बॉनेट असतं.
इथं दार, की लगेच माणूस.
म्हणून आत आडवी पट्टी घातलीय. लोखंडाचीच."
'लोखंडाचीच' म्हणताना हसली,
मला बरं वाटावं म्हणून.
आणि आतून अस्तर; कारण तुटलं की
वाळल्या कडब्यासारखं चिरफाळतं,
कुसळं माणसापर्यंत यायला नकोत.

शेंद्र्याला त्यांनी हे एकदा आदळलंय, हळूच.
आत बाहुला बसवून. रबरी बरगड्या, बरगड्यांना वायरी.
"बघा, ओरखडा तरी आहे का?"

मी खिशातून दहाचं नाणं काढलं.
माठ घेताना बाया वाजवतात, तसं.
टिक. टिक. टिक.
कडेनं, मग मधून. टिक. टिक.
हँडलच्या खाली वीतभर:
ठप.
पुन्हा. ठप.
वरून साबूत, आत थर सुटलेले.
खडूनं गोल केला.
पोरगी गप्प. मग म्हणाली,
"आमच्या मशिनीला दुपार लागली होती.
गोल इथंच आला होता."

आता मी मिशीवर ताव देऊन म्हणू शकलो असतो
की आमचा पत्रा असा लपवत नाही,
लागलं की लागलं म्हणून सांगतो.
ओठावर आलंही होतं.
पण शेडच्या मागं, टायरांच्या आड,
एका पांढऱ्या जीपचं दार सहा वर्षं टेकून आहे.
गेवराईच्या अलीकडं ट्रकनं घेतलेलं.
मालक न्यायला आला नाही, मीही फोन केला नाही.
बाहेरून तेव्हाच सरळ केलं होतं, प्रायमरसुद्धा मारला.
आतली बाजू केली नाही.

तिला दाखवलं.
तुटलं नव्हतं ते. कुठंच फाटलं नव्हतं.
अख्खंच्या अख्खं आत गेलं होतं,
एक वीत आणि वर चार बोटं.
काचेच्या रबरात हिरव्या बांगडीचा तुकडा
अजून तसाच.
लोखंडाला घर आठवतं;
वाटेत कोण बसलंय ते त्याला दिसत नाही.

प्रणितानं टेप काढला नाही.
स्वतःचा हात त्या खोलगट्यात ठेवून
बराच वेळ उभी राहिली.
"बाहुल्याला किती चालतं?" मी विचारलं.
"दोन पेरं," ती म्हणाली. "बरगडीला. त्याच्या पुढं नाही."
चहा तसाच राहिला.

जाताना दार तिनं पुन्हा बगलेत मारलं,
खडूचा गोल बाहेरच्या अंगाला.
"हे मोडल्यावर कुणी घेतं का गं? भंगारात?"
"कुणी नाही. भट्टीतही चालत नाही."
माझ्या जालन्यात हे पहिल्यांदा ऐकलं.

गुरुवारी रात्री फोन.
"पूर्ण वेगात घेतलं, मामा. चुरा झाला.
अस्तर टिकलं. पट्टी वाकली."
"आत किती आलं?"
"तीन बोटं."
"कुणाची?"
थोडा वेळ नुसती खरखर.
"माझी."

मी माझी तीन बोटं दिव्याखाली धरली.
तिची बारीक आहेत.