व्याह्यांना किल्ला दाखवताना

व्याही आले फ्रान्सहून, एकटेच.
विहीणबाईंना विमान सोसत नाही.
लष्करात बातमी माझ्याआधी पोचली:
खासगीवाल्यांकडे गोरा व्याही आलाय, ठेचा मागून घेतो.

त्यांना मराठी येत नाही, मला त्यांचं काही येत नाही.
इंग्रजी दोघांचंही उसनं,
आणि उसनं किती दिवस पुरणार?
पहिल्या संध्याकाळी त्यांनी फोटो मांडले चटईवर:
कड्याच्या टोकाला एक किल्ला,
समोरच्या कड्यावर त्याचा वैरी,
मधे नदी, दोघांच्याही घरी पाणी भरणारी.
एक गुहा, आत गेरूने काढलेला घोडा.
एक गाव, अख्खं मधाच्या रंगाचं,
त्यात एक घर, स्वतः बांधलेलं.
आर्मां चाळीस वर्षं गवंडी होते.

म्हटलं, चला, आमचंही खोरं बघा.

"नदी कुठे?" त्यांनी पुलावर विचारलं.
मी खाली बोट केलं.
सुवर्णरेखा म्हणतात तिला,
आम्ही नाकाला पदर लावून ओलांडतो.
ते कठड्यावरून वाकले,
कुणाकडचं आजारी माणूस बघायला जावं तसे,
आणि काही बोलले नाहीत.

वर मानमंदिरात त्यांना बदकं सापडली.
निळ्या पट्टीत पिवळी बदकं, ओळीने,
पाचशे वर्षं एकाच दिशेला निघालेली.
मी इथे शाळेच्या मुली घेऊन चढलेय वर्षानुवर्षं,
तारखा घोकून घेतल्यात, वंशावळ्या घोकून घेतल्यात,
बदकांकडे बघितलं नव्हतं कधी.
"कानार," ते म्हणाले.
"बदक," मी म्हटलं.
उतारभर आम्ही दोघं एवढंच बोललो.

उरवाई दरवाज्याच्या वाटेवर
कड्यातून अर्धे बाहेर आलेले तीर्थंकर.
लोक मान मोडेस्तोवर चेहरा बघतात,
फोडलेला, कुठे पुन्हा लिंपलेला.
व्याही खाली, पावलांपाशी.
चष्मा कपाळावर, हातात घडीची मोजपट्टी,
छिन्नीच्या रेघा मोजत.
एका जागी थांबले. मला खुणेने बोलावलं.
तिथे रेघा उलट्या कलल्या होत्या.
त्यांनी डावा हात हवेत उचलला,
नसलेली हातोडी मारली, आणि हसले:
डावखुरा.

कुणाला माहीत त्याचं नाव.
रखवालदाराने शिट्टी वाजवली, आम्ही उतरलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पोने खाणीच्या गावाला.
गावाला नदी आहे, पाणी पुढच्या आषाढात.
घरं दगडाची, छप्परं दगडाची,
खाटेखाली धान्य, धान्यावर दगडाची भुकटी.
रामसेवक आदिवासी फरशी फोडत होता.
दोघांनी एकमेकांचे तळहात बघितले,
न विचारता, पालथे, उताणे,
बाजारात बैलाचे दात बघावेत इतक्या सरळपणे.
मग रामसेवकला खोकला आला,
आणि थांबेचना.

व्याही तो खोकला ऐकत उभे राहिले.
ओळखीचा आवाज असावा.
पाकिटातून एक फोटो काढला, जुना, कोपरे गेलेला:
त्यांच्यासारखाच दिसणारा, तरुण, टोपीतला.
भाऊ, असं त्यांनी मराठीतच म्हटलं.
(कुठून शिकले? बहुधा भाजीवाल्याकडून.)
रामसेवकने फोटो फडक्याने पुसला,
पुष्कळ वेळ बघितला, परत दिला.
त्याच्या बायकोने चहा आणला. तो घेतला.
परतीच्या वाटेवर ना कानार, ना बदक.

निघायच्या दिवशी मी रीतीप्रमाणे आहेर केला.
चंदेरीचं उपरणं, विहीणबाईंना साडी, गजकचे दोन डबे
(ओझं होईल म्हणून मुलगा फोनवर ओरडला), वर नारळ.
उपरण्याची त्यांनी घडी मोडली नाही.
नारळ मात्र कानाशी धरला,
बोटाच्या पेराने ठोकला, वळवला, पुन्हा ठोकला,
खाणीतला दगड घ्यायच्या आधी ठोकतात तसा,
आणि माझ्याकडे बघून मान हलवली:
चिरलेला नाही.