सोहारच्या सनय्यात

पजेरो दोन हजार चारची. सीटला सुरमईचा वास.
खमीस म्हणतो, होडी ओढायचीय,
गुरुवारच्या आत.

मी आधी मागून खाली शिरतो,
चासीवर हातोडी ठोकत जातो.
आवाज भरीव येतो. चला.

गिअरबॉक्सचं तेल काळं,
करपलेल्या फोडणीसारखं. ओतून टाकलं,
जाळीपुढं वेगळा कूलर बसवला.
पन्नास डिग्रीत माणसालाही लागतोच.
मागच्या स्प्रिंगा नव्या. हुकाचा दांडा,
चार बोल्ट, दंड भरून येईस्तोवर आवळले.
दिव्याच्या वायरीत मात्र अख्खी दुपार गेली:
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लुकलुके.

"किती ओढेल, उस्ताद?"
मोडक्या अरबीत म्हटलं, ओढेल रे,
थांबेल का ते विचार.
होडीच्या गाड्याला स्वतःचे ब्रेक घाल.

तो मान हलवतो. घालणार नाही, मला ठाऊक आहे.
म्हणून जुने दोन ड्रम शोधून ठेवलेत,
पैसे नंतर बघू.

संध्याकाळी होडी जोडली.
पजेरोची मागची बाजू हळूच बसली.
भाताचं पाणी मोजतो तसं बोट लावून पाहिलं:
दोन पेरं.
बरोबर.