हवा छान आहे

नाताळाला सगळे घरी येतात.
कुवेतहून पास्कू आला, वसईहून बस्त्यावची माणसं.
उभादांड्यात रात्रभर गाड्यांची दारं वाजतात,
भुंकून भुंकून कुत्र्यांचा आवाज बसलाय.
आणि आम्ही दोघं निघालोय.

"सगळे घराक येतत, तुमी खंय चललास?"
मोतेसची आई विचारते.
कोंबड्यांना दाणे घालायचं तिनं कबूल केलंय,
पण हे तिला पटलेलं नाही.
अँटवर्पला, मी म्हणते.
"थंय कोण आसा तुमचा?"
कोणी नाही.
सांगताना उगाच लाज वाटली,
जणू परपुरुषाबरोबर पळून चाललेय.
पुरुष तोच. अडतीस वर्षं जुना.

काजूच्या दोन सालांचे पैसे, एक भिशी,
थोडे त्याच्या फंडातले.
सावंतवाडीहून आणलेले दोन स्वेटर, एकाच रंगाचे,
कारण दोन घेतले तर सूट होती.
आता आम्ही बँडवाल्यांसारखे दिसणार.
बॅगेत दोदोल, नेवऱ्या, सोलं,
आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेला सुका बांगडा,
जो त्यानं दोनदा बाहेर काढला
आणि मी तीनदा आत ठेवला.

इनास बोटीवर होता. इंजिनात. एकोणतीस वर्षं.
गावात कुणी परदेशाचं नाव काढलं
की माना आपोआप त्याच्याकडे वळायच्या.
दर नाताळात तो एक कार्ड टाकायचा,
ते पोचायचं शिमग्याच्या सुमारास.
उंच देऊळ, पूल, चौकातलं दिव्यांचं झाड,
मागे निळ्या शाईत:
प्रिय रुजाय, हवा छान आहे. तू असतीस तर
पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही.
तू असतीस तर काय, ते मी माझ्या मनानं लिहायचे,
चुलीपुढे, मिसेत,
माशाचे काटे काढता काढता.

काल संध्याकाळी बंदरावर गेलो.
ओहोटी होती. दूर खडकांवरचं दीपगृह
लागत होतं, विझत होतं.
तो बराच वेळ चपलेतली वाळू झाडत राहिला.
"रुजाय, एक सांगूचा आसा.
मियां तां शार बघूकच नाय."

बोट धक्क्याला लागली की यांचं काम सुरू.
पिस्टन, तेल, गाळ, पुन्हा तेल.
वर बर्फ पडतोय हे कळायचं
जिन्यावरून उतरणाऱ्याच्या बुटांवरून.
कार्डं बोटीवरच्या कँटीनमध्ये मिळायची,
त्यानं एकदम डझनभर घेऊन ठेवली होती.

मी काही बोलले नाही.
एक पोरगा जाळ्यातून खेकडा सोडवत होता,
खेकड्याला सुटायचं नव्हतं.
मग म्हटलं, "माका ठावक होतां."
अठ्ठ्याऐंशीचं कार्ड आणि त्र्याण्णवचं,
त्याच पुलावर तीच लाल छत्रीवाली बाई,
पाच वर्षांनीही
तोच पाय उचललेला.

"मगे बोललंस कित्याक नाय?"

काय बोलणार होते.
कार्ड येत होतं ना.

तो हसला नाही. माझा हात धरला असंही नाही,
वाड्यावरचे सगळे बंदरावरच होते.
फक्त घरी आल्यावर दोन्ही पासपोर्ट
माझ्या पर्समध्ये टाकले. म्हणाला, तूच ठेव.
रस्ता तूच विचार. माका तिथली फक्त शिडी म्हायत.

पहाटे तीनला गाडी येईल, मोपाला जायला.
दारावरचा तारा मालवायला गेले
तर म्हणाला, राहू दे पेटलेला.
कोण येणार आहे, विचारलं.
कोण नाय, म्हणाला, पण राहू दे.

मोतेसच्या आईसाठी चिठ्ठी लिहिली:
कोंबड्या चार. काळी टोचते.
खाली तिनं जाता जाता सांगितलेलं आठवलं,
कार्ड धाडूक इसरू नको.
नाही विसरणार.
काय लिहायचं तेही पाठ आहे मला.
फक्त लिहिण्याआधी
बाहेर जाऊन बघेन एकदा.