बिऱ्हाड

भंगारवाल्या एउलोखिओनं लॅपटॉप वजनावर विकला.
दोन किलो सातशे.
आत हार्ड डिस्क नव्हती. तिच्या जागी
चार स्क्रूंची भोकं आणि चिमूटभर वाळू.
गाउसू म्हणाला, बरंच झालं,
रिकामं घर कुणाचंही होतं.

नीखारच्या बाहेर डोंगर संपतो आणि प्लास्टिक सुरू होतं,
ते थेट समुद्रापर्यंत, पांढरं, फडफडतं.
तिथल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत
वीज नवानंतर येते, पंपाच्या तारेवरून,
आणि ढोबळी मिरचीचा वास जात नाही
नखांतून, पावातून, झोपेतून.

गावच्या ग्रंथालयात संगणक तासभर फुकट.
तास संपला की उतरत असलेली फाइल तुटायची,
उद्या पुन्हा पहिल्यापासून.
चौथ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी
घड्याळाकडे पाठ केली आणि पुस्तकं पुसत बसल्या.

पेनड्राइव्ह चार जीबीचा, किल्लीहून आखूड,
त्यावरचं खतकंपनीचं नाव अर्धं खरवडलेलं.
इथेच माणसं चुकतात, गाउसू म्हणाला,
कुठल्या डिस्कवर लिहितेयस ते नीट वाच.
ए-च्या जागी बी,
की दुसऱ्याचं सगळं पुसलं जातं, आवाजसुद्धा न होता.
मी हसले.
त्याचं आडनाव तीन कचेऱ्यांनी तीन तऱ्हांनी लिहिलंय,
आणि माझा जन्म, कागदावर, एक जानेवारीचा.
आम्हाला शिकवतो एका अक्षराचं मोल!

रात्री नऊ वाजून दहा मिनिटं.
एफ बारा, एफ बारा, एफ बारा,
कडी नसलेल्या दारावर बोटानं ठोठावल्यासारखं.
काळ्यावर पांढऱ्या ओळी धावल्या.
मला एकही कळली नाही, फक्त प्रत्येकीच्या शेवटी
ठीक, ठीक, ठीक,
जणू कुणी हजेरी घेतंय
आणि आज कुणीच गैरहजर नाही.

या लिनक्सचं नाव कुत्र्याच्या पिल्लावरून ठेवलंय म्हणे.
खरंच, ती एकदा भुंकली.
बाहेरून शेडच्या राखणदार कुत्र्यानं उत्तर दिलं.
आम्ही इतके हसलो की शेजारच्यांनी पत्रा बडवला.

तास मी पूर्वीपासून लिहीत होते, खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
सोमवार नऊ. मंगळवार अकरा. बुधवार अकरा.
मुकादमाच्या वहीत सहा, सहा, सहा.
काही पुठ्ठे उंदरांनी खाल्ले,
काही आम्हीच जाळले, जानेवारीत, थंडी होती.
आता उभ्या आडव्या रेघांचा तक्ता.
फरकाची बेरीज एकशे चौऱ्याण्णव.
मी ती बोटांवर पुन्हा करून पाहिली.
यंत्र खोटं बोलत नव्हतं.

बंद करताना तिनं विचारलं, जतन करायचं का?
नाही म्हणालीस, तर विजेबरोबर सगळं जाईल,
गाउसू म्हणाला. हो म्हण आणि एक नाव दे.
मी नाव दिलं.
ते इथे सांगत नाही.

हळूहळू खोलीत लॅपटॉप एक आणि पेनड्राइव्ह सहा झाले.
ज्याची पाळी, त्याचं घर उघडे:
फातूच्या पडद्यावर तिचा मुलगा,
गाउसूच्या पडद्यावर काहीच नाही, निळा रंग.

नोव्हेंबरात माझ्या हातमोज्यातून विंचू निघाला,
पिवळा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.
सगळे मारायला धावले.
मी त्याला फावड्यावर घेऊन बांधापलीकडे सोडलं.
बिऱ्हाड पाठीवर असलेल्याला
हुसकायचं तरी कुठून?

मग एका रविवारी मुकादम आला,
वीज चोरता म्हणाला, आणि लॅपटॉप उचलून नेला.
दोन किलो सातशे.
उघडेल तेव्हा त्याला चार भोकं सापडतील.
वाळू आम्ही कधीच झटकली होती.

मंगळवारी कामगार संघटनेच्या कचेरीत
मी सपातेतून पेनड्राइव्ह काढला.
बाई म्हणाल्या, नियम आहे,
आमचा संगणक बाहेरचं काही आत घेत नाही.

मी म्हणाले, बाई,
याला आत राहायचंच नाहीये.
तुमच्या डिस्कला हातही लावणार नाही.
बेरीज दाखवेपर्यंत
नुसतं उभं राहू द्या.