बाटलीतली ज्वारी

मर म्हणतात त्याला.
शिवी नाही, रोगाचं नाव आहे,
पण हिलालआप्पा बांधावर उभे राहून उच्चारतात
तेव्हा दोन्हीत फरक उरत नाही.

हरभरा हिरवाच असतो.
सकाळी मान टाकतो, जसं कुणी
पंगतीत बसल्या बसल्या झोपावं.
पाणी द्या, उठत नाही.
मी मूळ उभं चिरून दाखवलं नखानं:
आत काळपट रेघ,
चिमणीच्या काचेला धरलेल्या काजळीसारखी.
"सहा वर्षं राहते ही मातीत, वाट बघत."
आप्पा म्हणाले,
"मंग आम्हीन कोनी वाट देखानी व?"

पारोळ्याहून कुपी आणली, बोटभर बुरशी.
कळण्याच्या भाकरीतली ज्वारी काढून
अर्धी शिजवली, सलाईनच्या बाटल्यांत भरली,
तोंडाला कापूस, कुकरमध्ये पाऊण तास.
निवल्यावर आत चिमूटभर बुरशी सोडली.
आठव्या दिवशी दाणा न् दाणा हिरवा,
न घासलेल्या पितळी हंड्याच्या कडेसारखा.
सासूबाईंनी नाकाला पदर लावला:
"भाकरवर उनी ते फेकस,
बाटलीमा उनी ते पूजस!"

गुळाचं पाणी, बोटाला चिकटेल इतकं.
बियाणं निंबाच्या सावलीत, गोणपाटावर.
माझे तळहात चार दिवस हिरवे.
आप्पांनी मूठभर उचलून हुंगलं.
नुसता मातीचा वास.
तिथंच त्यांना संशय आला.
औषध म्हणजे डोळ्यांत झोंबायला हवं.

पुढचं सगळं जमिनीखाली.
पुस्तकात लिहिलंय, हिचा तंतू
त्या रोगाच्या तंतूला वेटोळे घालतो,
भिंत विरघळवून आत शिरतो, खातो.
मी पाहिलेलं नाही.
मी फक्त शेणखतावर ओलं पोतं टाकत राहिले
आणि रात्री उठून पुन्हा पाहून आले,
तान्ह्याचं पांघरूण पाहावं तसं.

माघात घाटे भरले.
मागल्या साली जिथं खळ्याएवढी गोल जागा
पार वाळून गेली होती,
तिथं तास धरून मोजत गेले.
सत्तावीस रोपं मेलेली.
मी दोनदा मोजली. सत्तावीसच.
बाकीची उभी, घाट्यांनी वाकलेली,
आंब धरलेली, हात लावला की चिकट.

आप्पांनी ती सत्तावीस उपटली,
या खेपेला बांधावर फेकली नाहीत,
पिशवीत भरून दिली, जाळ म्हणाले.
मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत,
"उन्हाळामा काय खास व ती?"

संध्याकाळी त्यांचा नातू
ओट्यावर पायलीभर ज्वारी ठेवून गेला.
खडे निवडलेली.