उणे ऐंशी

बारा वर्षं मी रक्त पाठवलं.
इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून पुढे
जिथं मी कधी जाणार नाही अशा शहरात,
कोरड्या बर्फात, थर्माकोलच्या खोक्यातून.
खोक्यावर माझी सही.
माझं संशोधन तेवढंच.

नळीवर नाव नसतं. मूसाखेडी, अडतीस, ब.
पण मला ठाऊक असायचं:
ही सरजू, तिसऱ्या खेपेला सातव्यात गेलेलं,
ही शबनम, सुई टोचताना
दारातल्या शेळीकडे बघत बसलेली.

दोन-अडीच वर्षांनी छापील अंक यायचा,
गुळगुळीत कागद, रंगीत आलेख,
शेवटच्या पानावर आभार, 'स्थानिक कर्मचारी'.
पानं जाड होती. मांडणीवर
डब्यांखाली छान बसली.

मग सांवेरच्या अलीकडल्या एका गावात
रामकुँवरनं बाही खाली ओढत विचारलं,
"बेन, म्हारो खून कां ग्यो?"

मी तीन पिढ्या इंदुरातली,
भाजीवाल्याशी हिंदी, देवाशी मराठी.
तिच्या बोलीत खून म्हणजे रक्त, हे मला कळतं.
तरी त्या दुपारी तो शब्द
आधी मराठीतून ऐकू आला.

गेल्या वर्षी दिलेलं, ती म्हणाली, काही बोललं का ते?

माझ्याकडे चौदा पानी प्रश्नावली होती.
'गेल्या अठ्ठावीस दिवसांत आपणांस…'
अठ्ठावीस कोण मोजतं इथं?
ग्यारस मोजतात, बुधवारचा हाट मोजतात.
आणि तिला जे विचारायचं होतं
ते चौदा पानांत कुठंच नव्हतं:
सोयाबीनवर फवारा मारायच्या दिवसांतच
आमच्या गल्लीत पोटं का रिकामी होतात?
मी समासात लिहून घेतलं.
समास तपासायला कुणी नसतं.

डॉक्टर मुंगींनी तो समास वाचला.
चष्मा काढला, पुसला, परत वाचला.
मग तीन वर्षं अर्ज.
'कल्पना उत्तम, स्थानिक क्षमता अपुरी.'
हे वाक्य त्यांनी इतक्यांदा वाचून दाखवलं
की चहावाल्या गोलूला पाठ झालं.
दूध संपलं की तो म्हणायचा, मॅडम, क्षमता अपुरी.

अखेर जुनी एक्स-रेची खोली मिळाली,
एक वापरलेला फ्रीझर,
आणि देवासची मेहरून,
जी आकडेमोड शिकताना
मधेच थांबून विचारते, पण ही 'गहाळ' माहिती,
ह्या बाया गेल्या कुठं, दीदी?

लग्नसराईत एका रात्री वीज गेली.
उणे ऐंशी. उणे चौऱ्याहत्तर.
इन्व्हर्टर शिट्ट्या मारून गप्प झाला.
उणे सदुसष्ट.
मी रस्त्यावर धावले, चप्पल एक, ओढणी नाही,
आणि समोरून वरात येत होती.
बँडवाल्याचा जनरेटर हातगाडीवर धडधडत होता.
काय बोलले आठवत नाही.
नवरा घोड्यावर अंधारात बसून राहिला अर्धा तास,
त्याचे काका शिव्या देत होते,
आणि चारशे बायांचं रक्त
त्याच्या दिव्यांवर गोठून राहिलं.
वीज आली तेव्हा बँडवाला म्हणाला,
ताई, आत मासे आहेत का?

निकाल अजून नाही.
मुंगी म्हणतात, संख्या लहान आहे,
आत्ताच फवाऱ्याकडे बोट दाखवणं बरं नाही.
खरंय. मला घाई झाली आहे, हेही खरंय.

परवा रामकुँवर बसने आली,
सोबत मोठी जाऊ, पिशवीत भाजलेले हरभरे.
मी हातमोजे चढवले, दार उघडलं,
तिसरा कप्पा, डावीकडून सातवी नळी.
धुकं तिच्या पायांवर सांडलं.
ती वाकली, शिवली नाही.
"इतक्या गारठ्यात ठेवलंत त्याला?"
एवढंच म्हणाली,
आणि पदर अंगाभोवती आवळून घेतला.

मी दार लावलं.
आकडा पाच अंशांनी वर आला होता.
आम्ही तिघी हरभरे खात
तो परत खाली उतरेपर्यंत थांबलो.