अळणी

वेल्ट, तुझ्या जोड-अल्बमला
मी पाचांतले दोन तारे दिले होते.
दोन हजार तीन, फेब्रुवारी, डेट्रॉइट.
हीटर बंद पडलेला, बोटं आखडलेली,
कोट अंगावर ठेवूनच टाइप केलं :
छत्तीस गाणी. अठरात भागलं असतं.
पहिली सीडी खणखणीत. दुसरी अळणी.

अळणी! शब्दावर मी खूश होतो.
संपादक हॉलिंगर उभ्या उभ्या वाचून हसला,
म्हणाला, मथळा हाच.
ज्याचा बाप शहराच्या पोटात, अकराशे फूट खाली,
एकतीस वर्षं मीठ फोडत होता
त्याच्या पोराला मी हा शब्द लावला,
आणि त्या रात्री
फ्राइजवर मीठ भुरभुरवून खाल्लं.

पुढे पेपर बंद पडला. तुझ्यामुळे नव्हे,
माझ्यामुळेही नव्हे.
आता मी कौंटीचा ट्रक चालवतो.
हसू नकोस. मिठाचा.
बर्फ पडलं की रात्री दहाला निघायचं,
मागच्या चकतीतून रस्त्यावर मीठ उधळत
पहाटे सहाला परत.
आधी हा ट्रक लवर्न पिकेटकडे होता.
निवृत्त झाली तेव्हा ती स्वतःची उशी घेऊन गेली,
थर्मास घेऊन गेली,
पण प्लेअरमध्ये अडकलेली सीडी काही निघेना.
बटण दाबलं की नुसती गुरगुरते.
तीच. दुसरी.

आता कबूल करतो, एकवीस वर्षांनी,
रिकाम्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर :
मी ती ऐकलीच नव्हती.
तीन गाण्यांची तोंडं, पंधरा-पंधरा सेकंद.
डेडलाइन पाचची होती
आणि खाली गाडीत कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं.

ऐकतोय, तर ठेका इतका सावकाश
की दोन ठोक्यांमध्ये माणूस
हातमोजे काढून परत घालेल.
चोविसावं गाणं म्हणजे
खाली जाणाऱ्या लिफ्टचा खडखडाट, चार मिनिटं,
मध्ये तू एकदाच म्हणतोस,
वर येताना कुणी बोलत नाही.
तेव्हा मी भरताड म्हटलं असतं.
तिसऱ्या रात्री लक्षात आलं,
मीही श्वास धरून उतरतोय.

मग एकोणतिसावं.
डॉक्टर बापाला सांगतो, रक्तदाब आहे, मीठ वर्ज्य.
ओडेसा, तुझी आई, बिनमिठाचे बीन्स शिजवते
आणि सगळ्या घराला तेच वाढते,
एकट्याला वेगळं नको म्हणून.
बाप शिफ्ट संपवून येतो,
भुवयांत, मिशीत, बुटांच्या शिवणीत मीठ,
बसतो, एक घास घेतो,
आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून
ओठांवरून जीभ फिरवतो.
तुझं लक्ष होतं. नऊ वर्षांचा होतास.
या गाण्यात ठेका नाही, यमक नाही,
ताटलीवर चमचा, तेवढाच.

म्हणजे शब्द बरोबर होता, वेल्ट.
जीभ चुकीची होती.

तेहतिसावं मात्र आजही टुकार आहे.
चुलतभावाचा तो फोन
अर्धा कापला असता तर काही बिघडलं नसतं.
छत्तीसऐवजी पस्तीस. यापुढे मी सरकणार नाही.

लवर्नला फोन केला,
तुझी सीडी खटपट करून काढून देऊ का?
म्हणाली, राहू दे, ती घरात वाजत नाही.
मग म्हणाली, तू टोलेडोला असतोस,
शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवतोस,
असं तिनं कुणाकडून तरी ऐकलंय.
खरं-खोटं तिलाही ठाऊक नाही.

आत्ता पावणेचार.
फोर्ट स्ट्रीटच्या रुळांवर ट्रक आदळतो,
सीडी उडी मारून मागे जाते
आणि तुझा बाप
पुन्हा जेवायला बसतो.